आधी वाट मोकळी, मग ऑपरेशन

पित्ताच्या खड्यांवर आलेल्या पत्रांपैकी ताप, कावीळ आणि अँटिबायोटिक यांबद्दलची पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं गाळून फक्त राहण्याचा भाग ठेवला आहे. उत्तरं सदराच्या डॉक्टर सल्लागारांची आहेत.

प्रश्न : आईचं वय ६४. मागच्या आठवड्यात पोटात उजवीकडे दुखलं, रात्री हुडहुडी भरून ताप आला, सकाळी डोळे पिवळे. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे आणि पित्तनलिका ११ मिलिमीटर रुंद. ॲडमिट करून सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू केलं आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरला. आता डॉक्टर म्हणतात, आधी ईआरसीपी (तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिका मोकळी करणं) करू, पित्ताशयाचं ऑपरेशन त्यानंतर. ताप गेलाय तर हे मधलं कशाला? आणि करायचंच तर एकदाच भूल देऊन सगळं का उरकत नाहीत? (सिंहगड रस्ता)

उत्तर : ताप उतरला, म्हणजे रक्तात शिरलेले जंतू औषधाने मागे हटले. खडा बहुधा आहे तिथेच आहे, आणि सगळी भानगड खड्याचीच आहे.

यकृतात दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार होतं आणि पित्तनलिकेतून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उतरतं. पित्ताशय ही या नळीला बाजूने जोडलेली पिशवी. पिशवीतला खडा निसटून नळीत आला आणि खाली तोंडाशी अडकला की मागे पित्त साचतं, नळी फुगते. निरोगी नळी सहा मिलिमीटरच्या आसपास असते, उतारवयात थोडी जास्त. आईंची ११ आहे. साचलेल्या पित्तात आतड्यातले जंतू वाढतात, पण नुसत्या जंतूंनी माणूस एवढा आजारी पडत नाही. तो पडतो दाबामुळे. नळीतला दाब एरवी पाण्याच्या ७ ते १४ सेंटिमीटर इतका असतो. तो २५ च्या पुढे गेला की जंतू आणि त्यांची विषद्रव्यं यकृतातून थेट रक्तात ढकलली जातात. हुडहुडी भरते ती त्यामुळे.

आता औषधाची अडचण बघा. शिरेतून दिलेलं अँटिबायोटिक यकृतातून पित्तात उतरलं तरच नळीत पोचणार. नळी तुंबलेली असताना ही उतरणच बंद पडते. त्यामुळे एरवी पित्तात भरपूर उतरणारी औषधंही तिथे फारशी पोचत नाहीत. औषध रक्ताला सांभाळतं, नळीपर्यंत त्याचा हात पोचत नाही. ते थांबवलं की ताप परत येतो, कधी दोन दिवसांत, कधी दोन आठवड्यांनी, आणि दुसरा झटका सौम्य असेल याची हमी कोणी देत नाही.

ईआरसीपीत तोंडावाटे दुर्बीण आतड्यापर्यंत नेतात. तिचा कॅमेरा टोकाला नसून कडेला असतो, कारण नळीचं तोंड आतड्याच्या भिंतीत बाजूला उघडतं. त्या तोंडातून बारीक तार वर सरकवतात, रंगद्रव्य सोडून एक्स-रेखाली खडा बघतात, तोंडाचा स्नायू विजेवर तापणाऱ्या तारेने थोडा कापतात आणि फुग्याने किंवा तारेच्या बारीक टोपलीने (बास्केट) खडा खाली ओढतात. संसर्ग असेल तर तार आत जाताच गढूळ, कधी चक्क पू मिसळलेलं पित्त आतड्यात सांडताना स्क्रीनवर दिसतं. रुग्ण फार अत्यवस्थ असेल तर त्या दिवशी खड्याच्या मागे लागत नाहीत. दोन-तीन मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा स्टेंट, म्हणजे पोकळ नळी, बसवून पित्ताला वाट देतात आणि खडा पुढच्या खेपेला काढतात. नळीत जोराने जास्त रंगद्रव्य भरणंही टाळतात, कारण त्यानेच दाब चढतो.

‘एकदाच उरकून टाका’ हे पूर्वी करून पाहिलं गेलं आहे. गंभीर संसर्गाच्या ८२ रुग्णांवर हाँगकाँगमध्ये झालेली चाचणी १९९२ साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांची नळी तातडीचं ऑपरेशन करून मोकळी केली, निम्म्यांची तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीने. ऑपरेशनच्या गटात ३२ टक्के रुग्ण रुग्णालयातच दगावले, दुर्बिणीच्या गटात १० टक्के. संसर्गाने बीपी, मूत्रपिंड आणि रक्त गोठण्याची क्रिया डळमळलेली असताना मोठी भूल आणि पोटातली काटछाट शरीराला झेपत नाही. नळीत खडा आहे पण संसर्ग नाही, अशा रुग्णात मात्र पोटावर छोटे छेद घेऊन करायच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्येच दोन्ही कामं होऊ शकतात. तो हात बसलेले सर्जन कमी आहेत, इतकंच.

घाई किती करायची, हे आजाराच्या पायरीवर ठरतं. बीपी कोसळलेल्या रुग्णाची नळी १२ तासांच्या आत मोकळी व्हावी. मधल्या पायरीवर दोन-तीन दिवसांत. आईंसारख्या, औषधाला लगेच दाद देणाऱ्या रुग्णात रात्रीतून धावपळ नको, पण त्याच ॲडमिशनमध्ये उरकावं. २४ तासांत उतार पडला नाही तर रुग्ण सौम्य गटात राहत नाही.

एक प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा : खडा अजून नळीत आहे हे कशावरून? सोनोग्राफीत नळीचं खालचं टोक आतड्यातल्या गॅसमुळे पुष्कळदा दिसतच नाही. ताप, कावीळ आणि रुंद नळी असं सगळं जमून आलं असेल तर थेट ईआरसीपी योग्यच. पण बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य) आपोआप उतरत असेल, तर खडा स्वतःहून आतड्यात निघून गेलेला असू शकतो. तेव्हा आधी एमआरसीपी (पित्तनलिकेचा एमआरआय) किंवा एंडोस्कोपीतून सोनोग्राफी करून घेतलेली बरी. कारण ईआरसीपीनंतर शंभरातल्या तीन ते दहा जणांच्या स्वादुपिंडाला सूज येते. ती टाळण्यासाठी गुदद्वारातून १०० मिलिग्रॅम इंडोमेथासिन किंवा डायक्लोफेनॅक देतात.

प्रश्न : माझ्या मिस्टरांना पित्तनलिकेचा संसर्ग झाला होता. पहिले तीन दिवस सेफोपेराझोन-सल्बॅक्टम दिलं, चौथ्या दिवशी बदलून मेरोपेनेम सुरू केलं. पहिलं औषध चुकलं होतं का? आणि अँटिबायोटिक एकूण किती दिवस द्यायचं असतं? प्रत्येक जण वेगळं सांगतो. (पिंपरी)

उत्तर : चुकलं असं म्हणता येणार नाही. पहिलं औषध नेहमी अंदाजाने निवडतात, कारण जंतूचं नाव कळायला वेळ लागतो. या संसर्गात बहुतेक वेळा ई. कोलाय, त्याखालोखाल क्लेबसिएला आणि एंटरोकॉकस सापडतात. म्हणून सुरुवातीला सेफ्ट्रायाक्झोनसोबत मेट्रोनिडाझोल, सेफोपेराझोन-सल्बॅक्टम किंवा पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम यांपैकी काही देतात. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमचा नेहमीचा डोस ४.५ ग्रॅम दर सहा ते आठ तासांनी, मेट्रोनिडाझोलचा ५०० मिलिग्रॅम दर आठ तासांनी. क्रिएटिनिन वाढलेलं असेल, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं असेल, तर यातल्या काही औषधांचा डोस कमी करावा लागतो. आपल्याकडे ईएसबीएल नावाचं, अँटिबायोटिक निकामी करणारं विकर तयार करणारे जंतू फार पसरले आहेत आणि सेफ्ट्रायाक्झोनसारखी औषधं त्यांच्यावर चालत नाहीत. तसा जंतू कल्चरमध्ये (रक्त किंवा पित्तातला जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत) निघाला किंवा रुग्ण सुधारेना, तर मेरोपेनेम सुरू करतात. एंटरोकॉकसवर तर नेहमीच्या वापरातलं कोणतंच सेफॅलोस्पोरिन (सेफ्ट्रायाक्झोन, सेफोपेराझोन यांच्या गटातलं औषध) लागू पडत नाही, आणि ज्यांची आधी ईआरसीपी झाली आहे किंवा ज्यांना स्टेंट आहे त्यांच्यात तो जास्त सापडतो.

सगळी मदार कल्चरवर आहे, आणि नेमकं तेच घाईत राहून जातं. रक्त अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्यापूर्वी घ्यायचं, दोन वेगवेगळ्या जागी सुई टोचून, मोठ्या माणसात प्रत्येक बाटलीत आठ ते दहा मिलिलिटर. दोन-तीन मिलिलिटर भरलेल्या बाटलीत जंतू असूनही उगवत नाहीत आणि रिपोर्टवर ‘वाढ नाही’ असं छापून येतं. मात्र कल्चरसाठी औषध अडवून धरायचं नाही. बीपी कोसळलेल्या रुग्णाला पहिला डोस तासाभरात, इतरांना सहा तासांच्या आत मिळायला हवा. ईआरसीपीच्या वेळी पित्ताचं कल्चरही पाठवतात. जंतू उगवायला एक-दोन दिवस, कोणतं औषध चालेल हे कळायला आणखी एखादा. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी औषध बदलणं हे व्यवस्थित चाललेल्या उपचाराचंच लक्षण. बदल उलट दिशेनेही व्हायला हवा : रिपोर्टमध्ये साधं औषध चालतंय असं दिसलं तर मेरोपेनेम थांबवून त्यावर यावं. हे आपल्याकडे कमी होतं.

दिवसांचा घोळ होतो तो मोजायला कुठून सुरुवात करायची यावरून. नळी मोकळी झाली त्या दिवसापासून चार ते सात दिवस. त्याआधीचे दिवस यात धरायचे नाहीत. रक्ताच्या कल्चरमध्ये एंटरोकॉकस किंवा स्ट्रेप्टोकॉकस निघाला तर किमान दोन आठवडे, कारण हे जंतू हृदयाच्या झडपांवर जाऊन बसतात. नळीत खडा शिल्लक असेल तर वाट मोकळी होईपर्यंत औषध चालू. ताप गेला, जेवण सुरू झालं आणि जंतू गोळीला दाद देणारा असेल, तर उरलेले दिवस गोळ्यांवर काढता येतात.

नळी तुंबलेली असताना पित्त आतड्यात उतरत नसल्याने जीवनसत्त्व ‘के’ शोषलं जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो. सेफोपेराझोनने त्यात भर पडते. म्हणून ईआरसीपीआधी आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) बघतात आणि तो वाढलेला असेल तर १० मिलिग्रॅम जीवनसत्त्व ‘के’ शिरेतून हळू देतात. सेफोपेराझोन किंवा मेट्रोनिडाझोल चालू असताना आणि नंतर निदान तीन दिवस दारू अजिबात नको. उलट्या, धडधड, चेहरा लालबुंद असा प्रकार होतो.

प्रश्न : सासऱ्यांना (७६) पित्ताचे खडे आहेत हे जुनं. चार दिवसांपूर्वी थंडी वाजली, जवळच्या डॉक्टरांनी सेफिक्सिम आणि पॅरासिटामॉल ६५० दिली. गोळी घेतली की ताप उतरतो, सहा तासांनी परत चढतो. लघवी चहासारखी होते. मोठ्या दवाखान्यात कधी न्यायचं? (हडपसर)

उत्तर : हे वाचेपर्यंत नेलं नसेल तर आजच. खडे माहीत असलेल्या माणसाला थंडी वाजून ताप आणि गडद लघवी, याला गोळ्यांवर घरी ठेवायला जागाच नाही.

पॅरासिटामॉलने थर्मामीटर खाली येतो, संसर्ग नाही. दुखतंय म्हणून डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन घेणं त्याहून वाईट. पाणी कमी पडलेल्या, बीपी उतरलेल्या माणसाची मूत्रपिंडं त्याने बिघडू शकतात.

पंचाहत्तरीच्या पुढचं वय हाच एक धोक्याचा मुद्दा धरतात. त्याच्या जोडीला १०२ फॅरनहाइटच्या पुढे ताप, पांढऱ्या पेशी १२ हजारांच्या वर किंवा ४ हजारांच्या खाली, बिलिरुबिन पाच किंवा जास्त, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) बरंच कमी, यांपैकी एक जरी असलं तरी रुग्ण मधल्या पायरीवर गेला. माणूस असंबद्ध बोलू लागला, वरचं बीपी ९० च्या खाली गेलं, सहा तासांत लघवीच झाली नाही किंवा धाप लागली, तर आयसीयू. म्हाताऱ्या माणसांत ताप नसतोही. ‘कालपासून नीट ओळखत नाहीत, जेवत नाहीत’ एवढंच असतं, आणि घरचे ते वयावर ढकलतात.

निघण्यापूर्वी फोन करून विचारा : तुमच्याकडे ईआरसीपी होते का, रात्री आणि रविवारी होते का, आयसीयूत खाट आहे का? पुण्यात या सोयी आहेत, पण प्रत्येक नर्सिंग होममध्ये नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी चुकीच्या ठिकाणी दाखल झालेला रुग्ण सोमवारपर्यंत नुसत्या सलाइनवर पडून राहतो. बीपी कमी असेल तर रिक्षाने नेऊ नका, १०८ बोलवा, ती सेवा मोफत आहे. महात्मा जोतिराव फुले योजनेतून करायचं असेल तर रेशन कार्ड आणि आधार बरोबर ठेवा आणि दाखल होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला भेटा.

प्रश्न : जूनअखेर ईआरसीपी झाली, नळीतले खडे काढले, स्टेंट टाकलाय. पित्ताशयाचं ऑपरेशन लगेच करा म्हणाले होते, पण मला आता काहीच त्रास नाही. मंडळाची जबाबदारी अंगावर आहे. गणपती झाले की दसऱ्याच्या सुमारास केलं तर? (सदाशिव पेठ)

उत्तर : नको. खड्यांची पिशवी अजून पोटात आहे. नळीतून खडे निघाल्यावर दोन आठवड्यांत पित्ताशय काढावं, शक्य असेल तर त्याच ॲडमिशनमध्ये. उशीर होईल तशी पुन्हा खडा निसटण्याची, पित्ताशय सुजण्याची शक्यता वाढते. ते सुजून आजूबाजूला चिकटलं की दुर्बिणीने सुरू केलेलं ऑपरेशन पोट उघडून पूर्ण करण्याची वेळ येऊ शकते. तुमचे दोन आठवडे केव्हाच उलटले आहेत, तेव्हा सर्जनला याच आठवड्यात गाठा.

स्टेंटचं वेळापत्रक वेगळं. प्लास्टिकचा स्टेंट तीन महिन्यांत काढायचा किंवा बदलायचा. आत गाळ साचून तो बुजतो, मग तीच हुडहुडी आणि तीच कावीळ. जूनअखेर टाकलेला सप्टेंबरअखेर निघायलाच हवा. पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये तो आपोआप निघत नाही, हा गैरसमज फार आहे. त्यासाठी पुन्हा एंडोस्कोपी लागते, ती काही मिनिटांची असते. राहून गेलेल्या स्टेंटभोवती खडे जमून तो काढणं अवघड झालेले रुग्ण सगळीकडे दिसतात. स्टेंट टाकल्याची तारीख डिस्चार्ज कार्डावर नसेल तर मागून लिहून घ्या.

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांत घरी, आठवड्याभरात हलकी कामं. मांडवात खुर्ची टाकून हिशेब बघायला हरकत नाही, कमरेला ढोल बांधणं मात्र यंदा विसरा. बेंबीजवळच्या छेदावर महिनाभर ताण नको, नाहीतर तिथे हर्निया होतो. आणि ऑपरेशन न करता उत्सव काढायचा असेल, तर हेही लक्षात असू द्या की विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी, टिळक, केळकर आणि कुमठेकर रस्ते मिरवणुकीत असतात. पेठेतून रुग्ण बाहेर काढायलाच तास जातो.

प्रश्न : गावाकडे कावीळ उतरवणारे आहेत. शिवाय कुळथाचा काढा आणि ऑलिव्ह तेल-लिंबू घेऊन खडे पडतात असं ऐकलं. उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्यांनी विरघळत नाहीत का? (भोर)

उत्तर : विषाणूंची कावीळ बहुतेकांची आपोआप उतरते आणि श्रेय कावीळ उतरवणाऱ्याच्या माळेला जातं. खड्याची कावीळ तशी थांबत नाही. खाज, पांढरट शौच, थंडी वाजून ताप, रक्तात अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जीजीटी (पित्त तुंबल्यावर वाढणारी विकरं) वाढलेलं दिसलं, तर सोनोग्राफी करा. कुळीथ लोक मुतखड्यावर घेतात. मूत्रमार्गाचा आणि पित्तनलिकेचा संबंध नाही. तेल-लिंबू घेतल्यावर शौचातून पडणारे हिरवट गोळे हे पोटात तयार झालेला साबण असतो, खडे नव्हेत. गोळ्यांनी फक्त छोटे, कॅल्शियम नसलेले कोलेस्टेरॉलचे खडे, चालू स्थितीतल्या पित्ताशयात, महिनोन्‌महिने घेऊन विरघळतात, आणि थांबवल्यावर पाच वर्षांत निम्म्या लोकांना परत होतात. नळीत अडकलेल्या, संसर्ग झालेल्या खड्यावर त्यांचा उपयोग नाही.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे, हृदयात स्टेंट आहे, क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत. ईआरसीपीआधी काय बंद करायचं? (कोथरूड)

उत्तर : स्वतःच्या मनाने काहीच नाही. ठरवून करायची ईआरसीपी असेल आणि नळीचं तोंड कापायचं असेल तर क्लोपिडोग्रेल पाच ते सात दिवस आधी थांबवतात, ॲस्पिरिन चालू ठेवतात. हृदयातला स्टेंट नवा असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय हात लावत नाहीत. तातडीची वेळ असेल तर न कापता फक्त स्टेंट सरकवून पित्त मोकळं करतात, त्यासाठी गोळ्यांची वाट बघावी लागत नाही.

मधुमेहाच्या गोळ्यांत डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन आहे का, ते पाकिटावर वाचा. उपाशीपोटी आणि संसर्गात या औषधांनी रक्तात कीटोन ही घातक आम्लं वाढतात, तेही साखर फारशी वाढलेली नसताना, त्यामुळे लक्षात येत नाही. ठरवलेल्या ऑपरेशनच्या तीन दिवस आधी ती थांबवतात. संसर्ग झाला असेल तर त्याच दिवशी, आणि हे दाखल करणाऱ्या डॉक्टरांना तोंडाने सांगा. जेवण बंद आणि अंगात संसर्ग, तर मेटफॉर्मिनही थांबतं आणि साखर इन्शुलिनवर १४० ते १८० च्या दरम्यान ठेवतात.

प्रश्न : शेजारणीला पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर पाच दिवस अँटिबायोटिक होतं, मला एकच इंजेक्शन दिलं. काही राहिलं तर नाही ना? पिशवी काढल्यावर पुन्हा कावीळ होऊ शकते का? (औंध)

उत्तर : ताप-कावीळ नसताना ठरवून केलेल्या दुर्बिणीच्या ऑपरेशनला भूल देताना, छेद घेण्याच्या आधीच्या तासाभरात दिलेला एक डोस पुरतो, बऱ्याच निरोगी रुग्णांना तोही लागत नाही. शेजारणीच्या पित्ताशयात पू किंवा नळीत संसर्ग असेल तर तिचं गणित वेगळं.

कावीळ होऊ शकते. ऑपरेशनपूर्वीच नळीत उतरलेला खडा मागे राहतो किंवा काही वर्षांनी नळीतच नवा तयार होतो. पिशवी काढल्यावर नळी थोडी रुंद दिसणं, अगदी दहा मिलिमीटरपर्यंत, चालतं. सोनोग्राफीतल्या तेवढ्या आकड्याने घाबरू नका. पण उजवीकडे दुखणं आणि गडद लघवी असेल तर लिव्हर फंक्शन टेस्ट करा. त्यात बिलिरुबिन किंवा अल्कलाइन फॉस्फेटेज चढलेलं निघालं तर एमआरसीपी. ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यातच पोट फुगून दुखत असेल किंवा ताप असेल, तर पित्त गळत असण्याची शंका घेऊन त्याच दिवशी सर्जनला दाखवा.